वाचायला मागायचं कुठे आहे?

मी बनवलेला गेम असा आहे. सकाळी साडेनऊला एक बाई कुडाळच्या एसटी स्टँडवर उतरते. माहेरी जायचंय, आणि दुपारी चार वाजता दुय्यम निबंधक कार्यालयात हजर राहून हक्कसोडपत्रावर सही करायचीय. मधल्या साडेसहा तासांत कुठे जायचं, कुणाशी बोलायचं, कुणाला टाळायचं, ते खेळणाऱ्यानं ठरवायचं. ती बाई म्हणजे खेळणारा. पळापळ नाही, मारामारी नाही, चित्रंसुद्धा नाहीत. मजकूर वाचायचा, खालच्या दोन-तीन पर्यायांतला एक दाबायचा, पुढे जायचं.

एवढ्याशा गोष्टीला मला १४ महिने लागले. मी ठाण्यात एका कंपनीच्या हिशेब खात्यात आहे. प्रोग्रामिंगशी माझा संबंध एक्सेलच्या सूत्रांपुरता. गेम म्हणजे मुलांचा वेळ खाणारी वस्तू, असंच माझं मत होतं. सुट्टीत आलेल्या भाच्यानं मला 'एटी डेज' खेळायला लावलं तेव्हा ते बदललं. इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या इंकल नावाच्या छोट्या स्टुडिओनं २०१४ साली काढलेला हा गेम. ज्यूल व्हर्नच्या कादंबरीतली ऐंशी दिवसांची पृथ्वीप्रदक्षिणा आपण मालक म्हणून नाही, नोकर म्हणून करतो. दीडशेच्या वर शहरं आहेत, मार्ग आपणच शोधायचा. मेग जयंत यांनी लिहिलेल्या त्या अवाढव्य मजकुरातला थोडासाच एका खेळात आपल्यासमोर येतो. मी पहिल्यांदा खेळलो तेव्हा ऐंशी दिवसांत लंडनला पोहोचलो नाही, आणि मला त्याचं काहीच वाटलं नाही. वाटेत भेटलेल्या माणसांना मी काय उत्तरं दिली, तेच डोक्यात घोळत राहिलं.

मग वेड लागलं. रात्री जेवणं झाली की लॅपटॉप. 'आउटर वाइल्ड्स'मध्ये आख्खी सूर्यमाला पहिल्या क्षणापासून मोकळी असते आणि दर २२ मिनिटांनी सूर्य फुटून सगळं पुन्हा सुरू होतं. पुढच्या फेरीत आपल्यासोबत येतं ते फक्त आपल्याला कळलेलं. 'हर स्टोरी'त एका बाईच्या पोलीस जबान्यांचे २७१ तुकडे असतात. आपण शब्द टाइप करायचे, ते ज्या तुकड्यांत आले असतील त्यातले पहिले पाच दिसतात. बस, गोष्ट कुठल्या टोकानं उलगडायची ते तुमच्या शब्दांवर. दोन्ही गेम मुठीएवढ्या चमूंनी केलेले.

पण मला सगळ्यात जास्त छळलं 'केंटकी रूट झीरो'नं. अमेरिकेतल्या तिघांनी हा गेम २०१३ ते २०२० अशा सात वर्षांत पाच अंकांमध्ये पुरा केला. सुरुवातीलाच एक ट्रक ड्रायव्हर पेट्रोल पंपावर थांबतो. त्याच्यासोबत म्हातारं कुत्रं आहे आणि त्याचं नाव काय ते आपण ठरवायचं. त्या नावानं कथानकात तसूभर फरक पडत नाही. पण नाव मी ठेवलं म्हटल्यावर ते कुत्रं माझं झालं. इथे पुढे काय घडणार याची निवड नव्हतीच. मागे काय होऊन गेलंय, हा माणूस कोण आहे, ते मी निवडत होतो. हे मला फार नवं वाटलं. आणि मग वाटलं, नवं कसलं? आमच्याकडचा दशावतार असाच असतो. पूर्वरंगात गणपती, सरस्वती, संकासुर ठरल्याप्रमाणे येऊन जातात, मग आख्यान सुरू होतं. आख्यान कुठलं, कोण कधी येणार, युद्ध कधी, एवढं ठरलेलं. संवाद लिहिलेले नसतात. समोरच्या राजानं आज काय विचारलं त्यावर राणीचं उत्तर. लहानपणी जत्रेत पहाटेपर्यंत बसून हे पाहिलेलं होतं, तेव्हा कळलं नव्हतं.

विषय शोधावा लागला नाही. २०११ साली वडील गेल्यानंतर ताईनं हक्कसोडपत्रावर सही केली आणि गावचं घर माझ्या नावावर झालं. भांडण नाही, रडारड नाही. ती आली, सही केली, आंगठे उमटवले, फोटो काढला, जेवली, संध्याकाळच्या गाडीनं नाशिकला गेली. त्या दिवशी तिच्या मनात काय होतं ते मला माहीत नव्हतं. म्हटलं, ताईच्या जागी उभं राहून तो दिवस लिहू. खेळणाऱ्याला ताई करू.

भाच्याच्या सल्ल्यानं आधी एका नामवंत गेम-इंजिनात, म्हणजे गेम बनवायच्या तयार सॉफ्टवेअरमध्ये, सुरुवात केली आणि पहिल्याच रविवारी तोंडावर आपटलो. मी टाइप केलं 'हक्कसोडपत्र', पडद्यावर आलं 'हक्‌कसोडपत्‌र'. 'किल्ली'ची पहिली वेलांटी क च्या पुढे जाऊन बसली. त्या इंजिनातली अक्षरं दाखवणारी सोय प्रत्येक चिन्ह सुटं उचलून ओळीनं मांडत होती. देवनागरीत उच्चारानं नंतर येणारी वेलांटी आधी काढायची असते, दोन व्यंजनं एकमेकांत मिसळायची असतात, हे तिच्या गावी नव्हतं. तीन आठवडे उपाय शोधण्यात घालवले. शेवटी एवढं उमगलं, की हे काम ब्राउझर कित्येक वर्षं निमूटपणे करत आलाय. आपल्याला नुसता मजकूरच दाखवायचा असेल तर ब्राउझरसाठीच का करू नये?

'एटी डेज' ज्या भाषेत लिहिलाय ती इंकलनं २०१६ साली सर्वांसाठी फुकट खुली केली. नाव इंक. ती लिहायला इंकी नावाचा साधा संपादक मिळतो: डावीकडे लिहा, उजवीकडे लगेच खेळून बघा. गोष्टीचा प्रत्येक तुकडा म्हणजे एक गाठ. एका गाठीतून दुसरीकडे बाण काढायचा. चांदणी (*) टाकली की पर्याय तयार, आणि तो एकदाच वापरता येतो. चांदणीऐवजी बेरजेचं चिन्ह टाकलं तर पुन्हा पुन्हा. गाठींची नावं मी रोमन लिपीत ठेवली, मजकूर मराठीत. ब्राउझरमध्ये जोडाक्षरं पहिल्या झटक्यात नीट आली. वेलांट्यांचे शेंडे वरून कापले जात होते, ते दोन ओळींमधलं अंतर वाढवल्यावर सुटले. तो रविवार मी साजरा केला.

इंकमधली एक गोष्ट मला इतकी आवडली की तिच्यावरच अर्धा गेम उभा राहिला. पर्याय लिहिताना त्याचा काही भाग चौकटी कंसात टाकता येतो. कंसातलं फक्त निवडताना दिसतं, निवडल्यावर नाहीसं होतं, आणि कंसानंतरचं तेवढं गोष्टीत उमटतं. मी लिहिलं: कंसात 'मला हे घर हवंय', कंसाबाहेर 'घर छान ठेवलंयस, तू म्हणालीस'. खेळणारा दाबतो पहिलं, तोंडून निघतं दुसरं. भाचा पहिल्यांदा चिडला. म्हणाला, "मामा, बग आहे. मी हे दाबलंच नव्हतं." म्हटलं, तुझं लग्न झालं की कळेल.

आता 'म्हणालीस' आलंच आहे तर त्याचं सांगतो. इंग्रजी गेमांत खेळणारा बाई की पुरुष, ते वाक्याला विचारावं लागत नाही. मराठीत पहिल्याच ओळीला प्रश्न: एसटीतून तू उतरलीस की उतरलास? गेम कुणीही खेळेल, म्हणून मी महिनाभर लिंग टाळून लिहायचा खटाटोप केला. 'तू दार उघडलंस' चालतं, कारण तिथे क्रियापद दाराच्या मागे जातं. 'तू पायरी चढशील' हेही चालतं, भविष्यकाळाला काही पडलेली नाही. पण पाणी पिताना घात होतो. दार उघडलंस, पण पाणी प्यायलीस किंवा प्यायलास. बसणं, उठणं, जाणं, रडणं, सगळीकडे तेच. 'तुम्ही उतरलात' केलं तर सगळं सुटतं, पण माहेरच्या ओटीवर उभ्या असलेल्या बाईला गोष्ट अहो-जाहो करतेय हे कानाला खुपतं. महिन्यानंतर मजकूर वाचला तर सगळी वाक्यं मुंज्यासारखी सोवळी. खोडून टाकली. खेळणारी ताई आहे, मग ती उतरलीस, बसलीस, गप्प राहिलीस. पुरुषांनी दोन तास 'लीस' ऐकलं तर काही बिघडत नाही.

फांद्यांचं गणित मात्र हिशेबनीस असूनही मी चुकलो. दहा ठिकाणी दोन-दोन पर्याय आणि प्रत्येकाचा रस्ता वेगळा ठेवला तर १०२४ शेवट होतात. मी चौथ्या पातळीपर्यंत लिहीत गेलो, १६ रस्ते झाले, आणि त्यातल्या अकरांत बाई खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, उभी होती. प्रत्येक खळं वेगळं लिहायचं? इंकमध्ये यावर उतारा आहे: फांद्या थोड्या पसरू द्यायच्या आणि एका ओळीवर पुन्हा गोळा करायच्या. मग निवडीचा उपयोग काय? उपयोग असा, की कुठल्या गाठीवरून खेळणारा किती वेळा गेला हे इंक आपणहून मोजतं. माजघरात आधी गेली असेल तर जेवताना आई पेटीचा विषय काढते, नसेल गेली तर पावसाचा. रस्ता तोच, ताट तेच, आईचं बोलणं वेगळं. शेजारच्या काकूंकडे पहिल्यांदा गेलं की "कधी इलंस गो?", दुसऱ्यांदा गेलं की त्या फक्त सरकून पडवीत जागा करतात. यात माझे सहा महिने गेले, आणि सगळ्यात मजेचे तेच होते. रात्री बाराला बायको विचारायची, काय हसतोयस? मी सांगायचो, काकू सरकल्या.

मग इतरांना खेळायला दिला. नियम एकच, मी शेजारी बसणार आणि तोंड उघडणार नाही. हा नियम पाळणं हे मी आयुष्यात केलेल्या अवघड कामांपैकी एक आहे. ऑफिसातल्या मित्रानं पहिल्या पाच मिनिटांत विचारलं, "एकूण शेवट किती? त्यातला चांगला कुठला?" त्यानं घर सोडून सरळ कचेरीचा पर्याय शोधला आणि अडीच तास आधी जाऊन बसला. तिथे मी काहीच लिहिलेलं नव्हतं, तेव्हा बाकड्यावर बसवून ठेवलं. तो वैतागला. मला ती जागा इतकी आवडली की नंतर त्या बाकड्यावर मी आठ पानं लिहिली.

मावशी ७१ वर्षांच्या. त्यांनी टॅबलेटवर खेळायला घेतलं आणि स्वयंपाकघरात जाऊन 'चहा टाका' दाबलं. मी तो पर्याय बेरजेच्या चिन्हानं लिहिला होता, म्हणजे न संपणारा. दर चहाला २० मिनिटं. मावशींनी आईला चहा दिला, भावाला दिला, वहिनीला दिला, गड्याला दिला, स्वतः घेतला. चार वाजून गेले. पडदा काळा झाला आणि त्यावर मी लिहून ठेवलेली ओळ आली: 'उशीर झाला. सही राहून गेली.' मी तो हरल्याचा शेवट धरला होता.

मावशी म्हणाल्या, "बरं झालं की मग."

पुन्हा खेळल्या. पुन्हा चहा. तिसऱ्यांदाही. मी न राहवून नियम मोडला आणि म्हटलं, मावशी, पुढे पण गोष्ट आहे. तर म्हणाल्या, "असू दे ना. घरात बसलेय ती मी." त्या रात्री काळा पडदा काढला. चार वाजतात, कुणी काही बोलत नाही, भाऊ घड्याळ पाहतो आणि कपबश्या गोळा करतो. मी लिहिलेल्या सगळ्या शेवटांत तो मला बरा वाटतो, आणि तो माझा नाही.

ताईला सगळ्यांत शेवटी दाखवला. भाऊबीजेला नाशिकला गेलो तेव्हा लॅपटॉप सोबत नेला होता. ओवाळून झालं, जेवणं झाली, भावोजी आडवे झाले, तेव्हा उघडला. मी इतकंच सांगितलं, की आपल्या घरासारखं एक घर आहे. ती चष्मा लावून बसली. काकू सरकल्या तिथे खुदकन हसली. पेटीपाशी थांबली, म्हणाली, "ही हिरवी होती, निळी नाही." मी कागदावर टिपून घेतलं. 'मला हे घर हवंय' हा पर्याय आला तेव्हा तिनं तो दाबला नाही. खालचा, पावसाचा दाबला. ती दोन्ही वाचून खालचा दाबतेय, हे मला शेजारून दिसत होतं.

मग कचेरी. टेबलावर कागद, शेजारी साक्षीदार, भाऊ उभा. मी तिथे तीन पर्याय दिले होते. सही करा. सही करू नका. भावाकडे पाहा. तिसऱ्यावर मी बराच खूश होतो. तो निवडला की सबंध दिवसात काय काय झालं त्याप्रमाणे भावाचा चेहरा बदलायचा, असे नऊ चेहरे मी लिहिले होते.

ताईनं वर-खाली सरकवून पाहिलं. काही राहिलंय का म्हणून पुन्हा वर गेली. मग विचारलं, "वाचायला मागायचं कुठे आहे?"

"काय?"

"कागद रे. सही करायची तर त्यात काय लिहिलंय ते आधी बघायला नको?"

मी म्हटलं, ते राहिलंच. ती म्हणाली, "घाल मग," आणि चष्मा काढला. आतून डबा आणला, त्यात चकल्या भरायला लागली. मुलांसाठी वेगळ्या, तिखट कमी घातलेल्या. लॅपटॉपवर ते तीन पर्याय तसेच होते.

परतीच्या गाडीत मी इंकी उघडलं आणि चौथी ओळ टाकली: 'कागद वाचायला मागा.' खाली काय लिहायचं, ते सुचेना. तेव्हा लक्षात आलं, त्या कागदात काय आहे हे मलाही माहीत नाही. वकिलांनी केला होता, त्यांनी दाखवलं तिथे मी सह्या केल्या होत्या. १४ महिने ज्या कागदाभोवती गेम विणला, तो मीच कधी वाचला नव्हता. इंकीनं त्या ओळीपाशी खूण केली होती. गोष्ट इथे तुटते, पुढचा बाण कुठे आहे, अशी सूचना ते देतं. घरी पोहोचेपर्यंत ती तशीच होती.

जानेवारीत दोन दिवस रजा काढली आणि कोकणकन्या पकडली. फाइल कपाटात होती, वडिलांच्या पेन्शनच्या कागदांखाली. गेमसाठी काही वाक्यं उतरवून घ्यावीत म्हणून ओटीवर वाचायला बसलो. 'राजीखुशीने', 'कोणत्याही दडपणाशिवाय', 'विनामोबदला', हे असणार याची कल्पना होती. मग मिळकतीचं वर्णन. घर, खळं, मांगर, कलमांची बाग. आणि शेवटून दुसरी ओळ, एक वरकस, म्हणजे हलक्या जमिनीचा, तुकडा. तो वडिलांचा नव्हता. आईच्या माहेरून आलेला, ओढ्यापलीकडचा. तो ताईला, असं आई नेहमी म्हणायची, वडिलांसमोर म्हणायची, सगळ्या घराला माहीत होतं. सातबारावर आईसोबत आमची नावं लागली तेव्हा कुणीतरी सगळे गट एकत्र उतरवून काढले असतील. मी नाही सांगितलं. पण सही केल्यावर तेरा वर्षांत मी एकदाही पाहिलं नाही.

आईला आता फारसं आठवत नाही. तिला विचारून उपयोग नव्हता, तरी विचारलं. ती म्हणाली, "ताईनं चहा घेतला का?"

त्या पानाचे फोटो काढले. ओट्यावर रेंज येत नाही, गेटापाशी जाऊन पाठवले. सोबत काय लिहावं ते चार वेळा टाइप करून खोडलं, आणि शेवटी नुसतंच लिहिलं, 'ताई, कागद. वाच.' दोन निळ्या खुणा लगेच आल्या. उत्तर दुसऱ्या दिवशी, मी परतीच्या गाडीत बसल्यावर.

'ओढ्याकडचा पण आहे यात.'

'हो. मला आत्ता कळलं.'

बराच वेळ काही नाही. चिपळूण गेलं. मग: 'इथल्या वकिलांना दाखवू का?'

मी 'दाखव' असं पाठवलं. लॅपटॉप काढला, पेटीचा रंग हिरवा केला, आणि कचेरीच्या गाठीत आणखी एक ओळ टाकली. पाचवा पर्याय. त्याच्याही खाली अजून काही लिहिलेलं नाही.